दोन्ही उजवीकडे

कंबळाच्या शर्यतीसाठी रेड्यांचा सराव घेताना मोनप्पमामा चिखलात जोरात आपटले. बरगडीत कळ मारत होती, तरी "काही नाही, काही नाही" चाललेलंच. शेवटी सुंदरीमामीने त्यांना माझ्या गाडीत कोंबलं. "चल गं वारिजा, मंगळूरला ने. यांचं ऐकू नकोस."

बरगड्या शाबूत निघाल्या. पण सोनोग्राफी करणारी डॉक्टर मामांच्या डाव्या कुशीवर यंत्र फिरवतच राहिली. मग म्हणाली, "डावी किडनी कधी काढली होती का?"

"नाही बाई."

"इथे दिसत नाहीये."

मामी ताडकन उठली. "दिसत नाही म्हणजे? अहो, लग्नाआधी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं ना? तेव्हाच काढून घेतली मेल्यांनी!"

"अपेंडिक्स उजवीकडे असतं गं."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर झोपला होतात!"

मामांना स्कॅनसाठी आत नेलं. मामी माझ्याशेजारी बाकावर बसली. माझा हात धरून पुटपुटली, "माझ्या दोन आहेत ना? त्यातली एक यांना बसवता येईल का, विचार."

मोठे डॉक्टर हसतच बाहेर आले आणि आम्हाला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. दोन्ही किडन्या उजवीकडे, एकीखाली एक, एकमेकींना चिकटलेल्या.

"जन्मापासूनच असं आहे. फार थोड्या लोकांत सापडतं. दोन्ही झकास चालल्यात. पाणी भरपूर प्या, वर्षातून एकदा दाखवून जा. आणि कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली, तर आधी हे सांगा."

"मग डावीकडे काय आहे?" मामीने विचारलं.

"किडनीची जागा रिकामी आहे."

"तरीच! एवढी कोरी-रोट्टी हाणतात, ती जाते कुठे, म्हणते मी!"

डॉक्टर खो खो हसले. मामाही हसायला गेले आणि बरगडी धरून कळवळले. मामी हसता हसता रडायलाच लागली. मामांनी सगळ्यांदेखत तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

परतताना मामीने गाडी आइस्क्रीमच्या दुकानापाशी थांबवायला लावली आणि तीन 'गडबड' आइस्क्रीम मागवली. उंच ग्लास टेबलावर ठेवणाऱ्या वेटरला ती अभिमानाने म्हणाली, "यांना जास्त काजू घाल हां अण्णा. यांच्यासारखा माणूस तुला अख्ख्या मंगळुरात मिळायचा नाही!"

मामा लाजून ग्लासात तोंड घालून बसले.