चौकटीवरचं रक्त

"चार मजले चढायचे म्हणजे गुडघ्यांची वाट लागते बाई," मावशी चपला काढता काढता पुटपुटली आणि लगेच तिने जीभ चावली. बंद लिफ्टचा विषय ताईच्या घरात वर्षभर कुणी काढत नव्हतं. त्याच लिफ्टच्या खड्ड्यात पडून दाजी गेले होते. चौकशीत सगळा दोष जुन्या यंत्राच्या माथी बसला. आदल्या दिवशी ती दुरुस्त करून गेलेला मेकॅनिक ताईचा सख्खा धाकटा भाऊ होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही. ताई दर रविवारी त्याला जेवायला वाढायची आणि तो अर्धं ताट तसंच टाकून उठायचा.

गुड फ्रायडे जवळ आला होता. त्या रविवारी भाऊ आला, तेव्हा जेवणाआधी मावशीने बायबलमधली वल्हांडणाची गोष्ट वाचली. देवाने मिसर देशात मृत्यू पाठवला, त्या रात्री ज्या घराच्या चौकटीला कोकराचं रक्त होतं, ते घर ओलांडून मृत्यू पुढे गेला.

"कुणाचं घर कुठलं, ते देवाला ठाऊक नव्हतं?" धाकट्या भावाने विचारलं. "मग रक्त कशाला?"

"ठाऊक होतं रे. पण लावायचं घरातल्यांनीच. ख्रिस्त आपलं कोकरू झाला, रक्त त्याने दिलं. आपण मात्र चौकट पुसून लख्ख ठेवतो आणि म्हणतो, क्षमा कर. कशाची, ते सांगतच नाही."

ताईने घाईघाईने ताट पुढे सरकवलं. "जेव आधी, गार होतंय."

त्याने ताट बाजूला केलं.

"ताई, तपासताना दार उघडं असूनही लिफ्ट चालावी म्हणून मी लॉकला एक वायर जोडली होती. ती काढायला विसरलो, म्हणून दार उघडं टाकूनच लिफ्ट निघून गेली. दाजी माझ्या हातून गेले."