मोरघारींची हजेरी

माघातलं ऊन. हळदुलं, हाडकुळं, कालच्या भाकरीसारखं वातड ऊन. धावपट्टीच्या कृष्णवर्ण, तृणहीन देहावर ते पसरलं होतं. आणि कुंपणापल्याड करडईचं पिवळंजर्द, काट्याकाट्यांचं शेत वाऱ्याला खिजवत उभं होतं.

त्या उन्हात उभं होतं ते विमान. जीर्णपंख, निस्तेज, पोटातलं इंजिन काढून घेतलेलं विमान. चौथऱ्यावर चढवलेलं, रोगण फासलेलं, झेंडूच्या माळांनी गळ्यापर्यंत मढवलेलं. म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून त्याला बाजारात उभं करावं, तसं! बघताक्षणी हौसाबाई करांड्यांना शिसारी आली.

हवाई दलाच्या मोरघार स्क्वाड्रनचा सुवर्णमहोत्सव होता. हौसाबाई पहिल्या रांगेत होत्या, कारण त्यांचा भालचंद्र याच स्क्वाड्रनचा वैमानिक होता. होता.

स्क्वाड्रनची एक रीत. वर्धापनदिनी सूर्य कलताना युद्धात पडलेल्यांची नावं पुकारायची, आणि प्रत्येक नावाला हयात वैमानिकांनी एककंठानं ओ द्यायची, "हजर!"

भालचंद्राचं नाव त्यांत कधीच नव्हतं. तो युद्धात पडला नव्हता. तो पडला सरावात. धुकं दाट, सराव बघायला आलेले पाहुणे बडे, हवेतल्या कसरती ठरलेल्या. तो म्हणाला, आज नको. वरचे म्हणाले, आजच. शवपेटीबरोबर आलेल्या कोवळ्या अधिकाऱ्यानं हौसाबाईंच्या पायांशी बसून, रडत रडत हे सांगितलं होतं.

तेव्हापासून त्या एका हाकेसाठी हौसाबाईंचे कान जागे होते. पुतळा नको, कमान नको. हाक. पोटच्या पोराला त्याच्या माणसांनी मारलेली एक हाक. आणि आज ती येणार होती. स्क्वाड्रनचा प्रमुख विंग कमांडर बर्वे स्वतः वाकून सांगून गेला होता, "आई, आज भालचंद्रसरांचं नाव घेणार आम्ही."

भोंग्यातून इतिहास वाहू लागला. सुवर्णवर्णी, शौर्यगंधी, मधुलिप्त इतिहास. शब्दांवर शब्द, पाकात बुडवलेले, माश्या बसाव्यात इतके गोड. पन्नास वर्षांत एकही हुकूम चुकलेला नाही, एकही पाय घसरलेला नाही!

"देवादिकांची लफडी झाली," हौसाबाई पुटपुटल्या, "ह्यांच्यात मात्र समदेच सोवळ्यातले."

"काकी, हळू," शेजारून पुतण्या सर्जेराव कुजबुजला.

बर्व्याच्या तोंडून नावं सुरू झाली. एकेक नाव, एकेक गर्जना. मग, "फ्लाइट लेफ्टनंट भालचंद्र करांडे! सीमेवरच्या चकमकीत, शत्रूच्या तोफा छातीवर झेलत..."

"हजर!"

हौसाबाईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. धुक्यातला तो, 'आज नको' म्हणणारा, शहाणा, एकटा, त्यांचा तो पुसला गेला. आणि त्याच्या जागी रोगण फासलेला, माळा घातलेला कुणी परका येऊन उभा राहिला.

त्या उठल्या. "गैरहजर!"



"काकी, बसा की! मान देत्यात. गावच्या शाळंच्या कमानीला त्याचं नाव लागंल."

"तूच लटक जा त्या कमानीला." मग बर्व्याकडे वळून, "ह्यो कोण माझ्या पदरात टाकलास, बाबा? ह्यो माझा न्हाई. माझ्या पोराला तोफांनी न्हाई मारलं, तुमच्या पाहुण्यांच्या हौसंनं मारलं. जसा गेला तसा बोलीव. न्हाईतर बोलवूच नगं."

"आई, इतिहासात तसं..."

"मग घाल तुझा इतिहास चुलीत. धूर तरी खरा निघंल."

आणि पदर खोचून, मान ताठ करून, त्या वृद्ध, रुक्ष, दगडाला चिरणाऱ्या आवाजात त्यांनी स्वतःच हाक घातली. "भालचंद्र करांडे! सरावात गेला. नगं म्हणत असताना धुक्यात धाडला!"

रांगेतल्या वैमानिकांचे कंठ फुगले. ओठ विलगले. मग सगळे डोळे बर्व्याकडे वळले. बर्वे स्वतःच्या चकचकीत बुटांकडे बघत होता.

कंठ उतरले. ओठ मिटले.

धावपट्टीच्या टोकाला, वाऱ्याची दिशा सांगणारी ती केशरी पिशवी तेवढी भरली. फुगली, ताठ झाली, आता ओ देईल अशी उंच उंच उठली; आणि वारा पडला, आणि तीही लोंबली, खांबाला, उन्हात, रिकामी, रिकामी.