हिल्डाबाई वर आल्या तो दिवस

मी एक जुनी दुमजली बस आहे. माझ्या वरच्या मजल्याला छत नाही. ते होतं, मित्रांनो. लोस्टॉफ्टच्या कारखान्यात मी जन्मले तेव्हा चांगलं हिरवं छत होतं मला. पोर्ट्समथच्या रस्त्यांवर मी गोदी कामगारांची ने-आण करत असे. पुढे नव्या बस आल्या आणि माझं छत करवतीनं कापण्यात आलं. मला वाटलं, संपलं सगळं! पण मला बोटीत चढवून वाइट नावाच्या बेटावर आणलं, आणि पहिल्याच सकाळी माझ्या वरच्या बाकांवर ऊन येऊन बसलं. तोवर ते मला ठाऊकच नव्हतं.

इथे माझं काम सुट्टीवर आलेल्या माणसांना निवांत फिरवायचं. शँकलिनहून निघायचं, कड्याकडेच्या रस्त्यानं पश्चिम टोकाला जायचं, नीडल्सचे समुद्रातले पांढरे सुळके पाहायला, आणि परतताना गॉड्सहिलला चहाला थांबायचं. माझा चालक पर्सी अ‍ॅट्रिल इथलाच, अंगानं भरलेला आणि स्वभावानं मोकळा. रस्त्यात ससा दिसला तरी गाडी थांबवून सगळ्यांना दाखवायचा.

एका जून महिन्यात वॉल्सॉल गावचं एक जोडपं आठवडाभरासाठी आलं. नॉरिस ट्रँटर आणि त्याची बायको हिल्डा. नॉरिसनं जन्मभर घरांच्या छपरांवर कौलं बसवली होती. हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा पाय ओढत चालावं लागू लागलं. तेव्हापासून हिल्डा त्याला साध्या स्टुलावरही चढू देत नसे. रोज ती दोघं खालच्या मजल्यावर, दाराजवळ बसत. वरून हसण्याचे आवाज आले की नॉरिस मान वर करून माझ्या पत्र्याकडे बघत राही.

एके दिवशी फ्रेशवॉटरच्या थांब्यावर तो उठला आणि माझ्या वळणाच्या जिन्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मी वर जाणार."

"वेडा झालास का?" हिल्डानं त्याची बाही पकडली. "पडलास म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांनी समुद्र बघू नकोस असं कुठं सांगितलंय?"

"खिडकीतून दिसतो की!"

"खिडकीतून कुंपणं दिसतात, हिल्डा. सोमवारपासून कुंपणंच बघतोय मी."

वरून एक गृहस्थ ओरडले, "अहो ड्रायव्हर, निघायचं का? आमचा चहा चुकेल!"

पर्सीनं इंजिन बंद केलं. "चहा थांबेल, साहेब. सुळकेही कुठं जात नाहीत." मग तो नॉरिसच्या मागे येऊन उभा राहिला. "चढा, मिस्टर ट्रँटर. पडलात तर माझ्यावर पडा. बायकोनं मला गादीसारखा करून ठेवलाय."

नॉरिसनं माझा दांडा पकडला. आधी उजवा पाय, मग हातानं उचलून डावा. मी शक्य तितकी स्थिर उभी राहिले. वळणावर त्याचा पाय घसरला, तशी हिल्डानं डोळ्यांवर हात ठेवले. पर्सी खालून खांदा लावून होता. शेवटी नॉरिसचं डोकं उन्हात आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. चहाची घाई असलेल्या गृहस्थांनी पुढची जागा सोडली आणि म्हणाले, "इथं बसा. इथून छान दिसतं."

नॉरिसनं समुद्र डोळे भरून पाहून घेतला. मग त्यानं हाक मारली, "हिल्डा, वर ये."

"मला भीती वाटते उंचीची, माहीत आहे ना तुला! जन्मभर मी खालीच उभी राहून तुझी शिडी धरली."

"म्हणूनच म्हणतो, ये. आज शिडी पर्सी धरेल."

ती आली. डोळे मिटून, एकेक पायरी चाचपत आली. नॉरिसच्या शेजारी बसल्यावर तिनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अगंबाई," ती एवढंच म्हणाली.

उरलेले सगळे दिवस ती दोघं वरच बसली. वाऱ्यानं हिल्डाची टोपी उडून खाडीत पडली, तेव्हा सर्वांत जास्त तीच हसली.

मित्रांनो, नंतर मी थकले. पर्सी निवृत्त झाला. मला एका शेताच्या आवारात नेऊन सोडलं. माझ्या चाकांत रानगवत वाढलं, चालकाच्या खुर्चीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. किती हिवाळे गेले! मग एका सकाळी ग्वेन नावाची निवृत्त शिक्षिका आपली मित्रमंडळी घेऊन आली. त्यांनी गंज खरवडला, सुटे भाग हुडकले, मला हिरवा रंग दिला. इंजिन प्रथम खोकलं, मग पुन्हा खोकलं आणि चालू झालं. ग्वेन हातातला फडका उडवून नाचली. आता दर उन्हाळ्यात रविवारी मी बेटावर फिरते, हळूहळू, माणसांनी भरलेली.

तुमच्याही गावात एखाद्या आवारात माझ्यासारखं कुणीतरी उभं असेल. त्याला भंगार म्हणण्याआधी एकदा दार उघडून बघा. आत कोंबड्या असतील, तर त्यांना हळूच बाजूला करा. अंडी त्यांची आहेत.