बिनबाह्यांचा ब्लाउज

विश्रांतवाडीत मी सव्वीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. चेहरे विसरते, दंड विसरत नाही. मैत्री नावाच्या माझ्या गिऱ्हाइकाचा दंड साडेसोळा इंच होता. येरवड्याच्या एका आयटी कंपनीत ती नोकरीला. बाह्या कोपरापर्यंत, त्याही सैल, असं बजावूनच कापड टाकायची. मग या पोरीनं दोन वर्षांत चाळीस किलो वजन उतरवलं. मी तिचे ब्लाउज आत घेत गेले आणि मनातल्या मनात म्हणत गेले, बघू किती दिवस टिकतं. बायकांची उतरलेली वजनं मी पुष्कळ पाहिलीत, आणि दिवाळीनंतर परत चढलेलीही.

वजन गेलं तरी दंडाची कातडी मात्र पिशवीसारखी लोंबत राहिली. एक दिवस ती म्हणाली, "मथुराबाई, ऑपरेशन करून घेतेय. जादाची कातडी काढून टाकणार."

"धडधाकट अंग कापून घ्यायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुम्ही माझी बाही आत घेता तेव्हा मी असं विचारते का?"

मी मशीन जोरात चालवलं.

पाच महिन्यांनी ती आली. तिच्या भावाचं, अनिरुद्धचं, लग्न ठरलं होतं. मोरपंखी कापड टेबलावर ठेवून म्हणाली, "बिनबाह्यांचा शिवा." आणि कुडत्याची बाही वर सारून तिनं हात पुढे केला.

काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूनं, एक लालसर रेघ होती. मी चष्मा पुसून परत बघितलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. बिनबाह्यांना दंडाचं माप लागत नाही, तरी मी टेप लावला. सव्वाअकरा. माझं कापड चुकलं तर दुसरं आणता येतं. त्या डॉक्टरनं जिवंत कातडी बेतली होती, आणि ही पोर आपल्या पायांनी जाऊन त्याच्यापुढे आडवी झाली होती. दोघांत कौतुक कुणाचं जास्त करावं, मला कळेना.

तरी शिवताना जुनी खोड गेली नाही. उद्या सैल करायची वेळ आली तर असावं, म्हणून बाजूच्या शिवणीत आतून दोन इंच माया सोडली, म्हणजे जादा कापड.

ट्रायलला मैत्री लग्नात नेसायची साडी घेऊनच आली. पडद्याआड ब्लाउज घातला आणि शिवण चिमटीत धरून बाहेर आली.

"इतरांना किती माया ठेवता?"

"एक इंच."

"आणि मला दोन."

मी टेबलावरचा खडू उचलून परत ठेवला.

"आई म्हणते, परत फुगशील. ऑफिसात पैज लागलीये. मला वाटलं, माप घेणारीला तरी माप खरं वाटत असेल."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. म्हटलं, "काढ तो. इकडे दे."

ब्लाउज उलटा करून मी कात्री घेतली, पण हात पुढे जाईना. असलेली माया मी आजवर कधी कापलेली नाही.

"एकदा कापली की सैल करता येणार नाही हं."

"माझी कातडी तरी आता कुठे परत जोडता येणार आहे?"

मी कापली. दोन्ही बाजूंची, शिवणीला भिडवून.

साडी नेसून ती आरशापुढे उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात सावकाश वर नेले. रेघा पुरत्या दिसल्या. त्या झाकायला तिनं पदर ओढला नाही. मी पिशवी पुढे केली तर म्हणाली, "नको. अशीच घरी जाते. आईनं हे दंड अजून पाहिलेले नाहीत."

"भीती नाही वाटत?"

"वाटतेय ना," ती म्हणाली, आणि पर्समधून स्कूटीची किल्ली काढून उघड्या दंडांनी भर दुपारच्या रस्त्यावर उतरली.