राणीची कॉलर

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळात गणपतीला दरवर्षी नाटक होतं आणि ते दरवर्षी सुलभाकाकूच बसवतात. यंदा काकूंनी थेट इंग्लंडची राणी काढली! ती जुनी, पहिली एलिझाबेथ. अर्ध्या युरोपनं मागणी घातली आणि हिनं एकेकाला छान पाहुणचार करून आल्या वाटेनं परत पाठवलं, ती.

राणी कोण? गिरिजा. कार कंपनीत सीट डिझाइन करते. लग्न केलेलं नाही, करायचंही नाही, आणि हे तिनं मंडळात झाडून सगळ्यांना सांगून झालंय. तरी काकूंच्या 'शुभमंगल मिशिगन' ग्रुपवर रोज तिच्यासाठी स्थळ येतंच. सकाळी ब्रश करताना डेंटिस्ट, लंचला डेटा सायंटिस्ट. ग्रुप सोडला की काकू पुन्हा अ‍ॅड करतात.

म्हणून पहिल्याच तालमीला गिरिजा म्हणाली, "काकू, एक डील करू. राणी शेवटपर्यंत बिनलग्नाची राहिली, तर मला ग्रुपमधून कायमचं काढायचं."

"आणि राणीचं लग्न लागलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल त्या मुलाला भेटेन."

"गणपतीची शप्पथ?"

"शप्पथ!"

काकूंचे यजमान पुरुषोत्तमकाका साक्षीदार. नाटकात ते राणीचे म्हातारे प्रधान होते. गिरिजा एकदम खूश. अख्खा इतिहास आपल्या बाजूनं, काकू करून करून काय करणार?

पण काकू इतिहासाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या.

नाटकाच्या दिवशी शाळेच्या हॉलबाहेर मंडळातली कांचन प्रत्येकाच्या हातात कुरमुऱ्यांची पुडी देत होती.

"हे काय गं?" गिरिजानं विचारलं.

"अक्षता. शाळा म्हणाली तांदूळ नको, लोक घसरतात. मग काकू म्हणाल्या कुरमुरे वाट."

"एलिझाबेथच्या नाटकात अक्षता?"

"मला काय विचारतेस यार! मला पार्किंग आणि कुरमुरे एवढंच दिलंय."

गिरिजाच्या डोक्यात लख्ख ट्यूब पेटली. ती धावत कॉफीच्या टेबलाशी गेली आणि उरलेले सगळे कागदी कॉफी फिल्टर उचलले. तिची राणीची झालरवाली कॉलर कॉफी फिल्टरचीच होती. मग गाडीच्या डिकीतून तार काढली आणि ग्रीनरूमचं दार लावून घेतलं.

पडदा वर गेला तेव्हा पहिल्या रांगेतून "अगं बाई!" असा आवाज आला. कॉलर भल्यामोठ्या परातीएवढी झाली होती. राणी विंगेतून तिरकी होऊन आली, सरळ मावतच नव्हती.

"एवढी कशाला वाढवलीस?" काकू विंगेतून फिसकारल्या.

"मागच्या रांगेला दिसायला नको?"

सिंहासन म्हणजे गिरिजाच्या ऑफिसमधली भंगारात काढलेली कार सीट, बटणावर मागेपुढे होणारी. प्रधान कळवळून म्हणाले, "महाराणी, प्रजेला वारस हवा!" आणि त्यांचा हात नेमका बटणावर पडला. महाराणी सावकाश मागे जात जात पार आडव्या झाल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "आम्ही विचार करू." हॉल कोसळला!

मग आला स्पेनचा राजा. म्हणजे ऋषी, मूळचा नागपूरचा, ट्रॉयमध्ये नवीन, काकूंच्या ग्रुपवरचा ताजा माल. अंगात शेरवानी, पायात योगा पँट. त्यानं मागणी घातली, राणीनं नकार दिला, आता त्यानं जायचं होतं. गेला नाही. विंगेतून दोन काकू अंतरपाट धरून घुसल्या, ऋषीच्या हातात हार आला आणि प्रधानांनी माईकवर मंगलाष्टक सुरू केलं!

आणि पब्लिक? मंगलाष्टक कानावर पडल्यावर मराठी माणूस बसून राहतो होय? अख्खा हॉल उभा! चप्पल शोधत, पोरांना उठवत, पुड्या सोडत. अर्धे कुरमुरे पोरांनी आधीच फस्त केले होते, उरलेले स्टेजवर उडाले.

अंतरपाट दूर झाला. गिरिजा हात बांधून उभी.

"तू घाल रे आधी!" काकू ओरडल्या.

ऋषीनं हार टाकला. तो कॉलरच्या कडेला अडकला आणि तिथेच लोंबला. त्यानं डावीकडून घातला, हार घसरला. उजवीकडून घातला, तारेत गुंतला. खुर्ची आणली, वर चढला, तरी कॉलर हाराहून रुंद! बिचारा घामाघूम झाला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "गिरिजाताई, जरा मान वाकव ना!"

शेरवानीला माईक होता.

मग काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या. मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, ताई म्हणाला! स्थळ गेलं!"

गिरिजानं कार सीटवर पाय ठेवला, कुरमुरे झटकले आणि गरजली, "माझं लग्न कधीच झालेलं आहे. या राज्याशी!"

पडदा पडला. काकू तणतणत आत आल्या. "मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. लग्न लागलं!"

"हार पडला का?" पुरुषोत्तमकाकांनी दाढी काढत विचारलं.

"नाही, पण..."

"मग नाही लागलं. सुलभा, गणपतीची शप्पथ आहे."

काकूंनी तोंड वाकडं करून फोन काढला आणि गिरिजाचं नाव ग्रुपमधून उडवलं. मग चष्म्यावरून त्यांची नजर ऋषीवर स्थिरावली.

"काय रे, रविवारी काय करतोयस? आमची एक भाची येतेय अ‍ॅशबर्नहून..."

ऋषी हळूच गिरिजाकडे सरकला.

"ताई, रविवारपुरती ती कॉलर देतेस का?"