एल्डनचा घास

"आ कर बघू. एवढा एकच," लिओटा म्हणाली, आणि एल्डननं मुकाट्यानं आ केला.

कुस्करलेल्या बटाट्यावर ओतलेल्या नूडल्सचा घास तो सावकाश चघळू लागला. हॅडलीच्या वृद्धाश्रमात दुपारचा भोंगा झाला की हा सोहळा रोज चालायचा. एल्डनला आता लिओटाचं, आपल्या बायकोचं, नाव आठवत नव्हतं, स्वतःचंही नाही. पण जेवायचा तो तिच्याच हातून. मागे तिला फ्लू झाला, तेव्हा पठ्ठ्यानं दोन दिवस दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं होतं. आश्रमात कामाला असलेल्या सगळ्या मुलींनी हात टेकले.

"मावशी, हाताला मध लावून येता की काय?" त्या चेष्टा करायच्या.

"चला, कामं करा आपली," लिओटा वरवर म्हणायची. मनातून मात्र ती सुखावायची. नवरा जन्माचा अबोल, रेल्वेच्या नोकरीत दिवसभर रुळांवर असायचा. त्याला तिची एवढी गरज आयुष्यात पहिल्यांदाच लागत होती.

त्या दिवशी आश्रमाची व्यवस्थापक डोरीन खुर्ची ओढून शेजारी बसली. डोरीन कधी बसायची नाही. ती बसली म्हणजे काहीतरी वाईट, हे लिओटानं लगेच ओळखलं.

"महिनाअखेर आश्रमाला कुलूप लागतंय, लिओटा. एल्डनला लँकफर्डला जागा मिळालीय. तासाभराचा रस्ता आहे."

"बर्फात मी तासभर गाडी हाकू? या डोळ्यांनी?"

"तिथली माणसं चांगली आहेत गं."

"असतील चांगली. पण हा त्यांच्या हातून खाणार नाही. उपाशी मरेल हा, डोरीन!"

डोरीननं टेबलावर सांडलेला बटाटा पुसला. तिचीही नोकरी जाणारच होती.

हॅडली हे रेल्वेनं पेरलेलं गाव. नेब्रास्काच्या माळावर लोहमार्ग पुढे सरकत गेला, तशी कुणा साहेबानं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं गावं मांडली: गिल्सन, हॅडली, आयर्टन. गिल्सनशी भांडून हॅडलीनं जिल्ह्याची कचेरी पटकावली आणि त्या मोठेपणावर शंभर वर्षं काढली. आता कोळशाच्या गाड्या न थांबता धडधडत निघून जातात. एल्डननं गँगमन म्हणून जन्मभर ज्या रुळांची निगा राखली, ते रूळ ठणठणीत आहेत. गाव तेवढं खिळखिळं झालंय. उरलं होतं काय, तर कचेरी, धान्याचं कोठार आणि हा आश्रम.

आश्रम चालवायला जमिनीवरचा कर थोडा वाढवावा का, यावर नोव्हेंबरात मतदान झालं. प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. आणि लिओटानं स्वतः 'नको'वर खूण केली होती.

का केली? तर तिचे वडील करायचे म्हणून. एल्डनही करायचा. या मुलखात शेजाऱ्याचं कोठार जळालं तर माणसं हातोडे घेऊन धावत येतील, आजारी घरी आठवडाभर डबे पोचतील. पण सरकारनं कर मागितला की 'नको'. त्यात विचार करायचा नसतो. शिवाय तिला वाटलं, बाकीचे 'हो' म्हणतीलच. चांगला चालता आश्रम कोण बंद पाडेल? बाकीच्यांनाही नेमकं तेच वाटलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय!

निरोपाचं जेवण चर्चच्या तळघरात झालं. गावानं काही कमी केलं नाही. डुकराच्या मांसाचे जाड काप, चीज घालून भाजलेले बटाटे, आणि गोडाची तर वेगळी दोन टेबलं. 'नको' म्हणणारे आणि 'हो' म्हणणारे एकाच रांगेत ताटल्या घेऊन उभे होते. कोण कोणत्या बाजूचं, हे कुणी विचारत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"कुणाला सुचली असेल गं ही दुर्बुद्धी?" शेजारीण मेव्हिस हळहळली.

लिओटानं काटा खाली ठेवला. "मला. मी 'नको' म्हटलं."

टेबलावरची सगळी तोंडं हलायची थांबली. कुणीतरी "मीपण" म्हणेल म्हणून ती क्षणभर वाट बघत राहिली. समोरचा ड्वेन मिठाची बाटली निरखू लागला. त्याची आईही आश्रमातच होती.

"अगं, बटाटे घे ना अजून," मेव्हिस म्हणाली. "काहीच घेतलं नाहीस." तिची मान लाल झाली होती.

लँकफर्डला मेव्हिसच गाडी घेऊन आली. एल्डन वाटभर काचेला डोकं टेकून बसला. नवा आश्रम लखलखीत होता, खिडकीतून मोटारींचा तळ दिसत होता. मारिसोल नावाची हसरी मुलगी जेवणाचा ट्रे घेऊन आली.

"पोरी, आधीच सांगते," लिओटा म्हणाली. "तो खायचा नाही. तुझं काही चुकतंय असं समजू नकोस. त्याला माझाच हात लागतो. कोपऱ्यावर खोली मिळाली भाड्यानं, तर मीच राहते इथे."

"बघू तर खरं," मारिसोल म्हणाली. "चला आजोबा, आ करा."

एल्डननं तिच्याकडे पाहिलं आणि आ केला.

एक घास झाला, दुसरा झाला. लिओटा पलंगाचा कठडा धरून उभी होती. आता थांबेल, आता तोंड मिटेल, असं तिला वाटत होतं. त्यानं वाटी संपवली, वर लापशीही खाल्ली.

"बघा! उगाच काळजी करत होता तुम्ही," मारिसोलला मनापासून आनंद झाला होता. "आता निर्धास्त जा आजी. एवढ्या थंडीचं रोज यायची काही गरज नाही."

"बरं झालं," लिओटा म्हणाली. आणि तिला खरंच बरं वाटलं होतं.

दारातून मेव्हिसनं हाक मारली, अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं. एल्डनची हनुवटी पुसायला लिओटानं कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि वाकली. हनुवटी आधीच पुसून झाली होती.