पहाऱ्यावरचा दुसरा माणूस

तारकर्लीच्या खाडीचं तोंड वरून शांत, पण खाली वाळूचा दांडा दबा धरून बसलेला. होडी उलटली तर वाचवायला म्हणून पहाऱ्यावर दोन माणसं असत. एक कमरेला दोर बांधून पाण्यात उतरणारा, दुसरा काठावरून तो दोर ओढणारा. मच्छीमार सोसायटीचा चेरमन झाल्याबरोबर गणपतने दुसरा माणूस काढला.

"होडी काय रोज उलाटता? नुसता बसान रवाक दोघांक पगार कित्याक?"

मिशीला तूप आणि दुसऱ्याच्या जिवावर काटकसर!

त्याच हंगामात पहाऱ्यावर एकटा उरलेला आनंदीबाईचा लेक सत्यवान एका उलटलेल्या होडीमागे पाण्यात उतरला. होडीतल्या दोघांना त्याने काठाकडे ढकललं. त्याच्या दोराचं दुसरं टोक माडाला बांधलेलं. माड काय ओढणार?

गणपत दुखवट्याला भेटायला आला. "देवाची इच्छा, आनंदीबाय."

बाई रडली नाही. "देवाकच इचारूया," एवढंच म्हणाली.

नारळी पुनवेला सारा गाव किनाऱ्यावर जमला. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान परशुरामाचा, आनंदीबाईच्या सख्ख्या भावाचा. त्यावर पहिला होकार चेरमनचा. देवापुढे दिलेला होकार मागे घेता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बहिणीने भावाच्या कानात सकाळीच काय ते घातलं होतं.

"बा दर्यादेवा म्हाराजा, होड्यांक बरकत दी!"

"होय म्हाराजा!" गणपतचा आवाज सगळ्यांच्या वर. लक्ष मात्र नव्या धोतराच्या काठाकडे.

"लेकराबाळांक सांभाळ!"

"होय म्हाराजा!"

"आणि जेणा पहाऱ्यावरचो दुसरो माणूस काढल्यान, तोच सगळो हंगाम दुसरो माणूस होवान उभो रवांदे!"

"होय म्हाराजा!"

बोलून गेला आणि तोंड उघडंच राहिलं. आनंदीबाईने सत्यवानाचा दोर त्याच्या हातात कोंबला.

"धर रे. बिनपगारी. सोसायटीचो खर्च वाचलो."

उन्हातान्हात दोर ओढून गणपतचे तळहात सोलले, मिशी खारवली. शेवटी तो आनंदीबाईच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उकिडवा बसला.

"आनंदीबाय, चुकलंय. दोन पगारी माणसा ठेवतंय. माका सोड."

बाई सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला नाही.

"ठेव दोघांक. ठेवूकच व्हयी."

"मगे मी?"

"तू तिसरो. माड आता म्हातारो झालो," ती म्हणाली. "ऊठ, भरती इली."